गंजीफा ते हानाफुदा : खेळांचा वारसा आणि पर्यटन – एक तुलनात्मक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

खेळ हा मानवी संस्कृतीचा अविभाज्य घटक आहे. राजे, लढाया, तह आणि महसूलपद्धती यांचा इतिहास जितक्या तपशिलाने लिहिला गेला, तितक्या तपशिलाने लोकांच्या विरंगुळ्याचा इतिहास मात्र लिहिला गेला नाही. मराठवाड्यात तर सोंगट्या, सारीपाट, गंजीफा, वाघबकरी, कवड्या व सागरगोटे यांची नावेच तेवढी नव्या पिढीच्या कानावर आहेत. याउलट जपानमध्ये खेळ व लोकप्रिय संस्कृती हा पर्यटनाचा प्रमुख विषय झाला आहे. खेळण्याच्या पत्त्यांचे संग्रहालय, चित्रकथांचे (मांगा) संग्रहालय, व्हिडिओ गेमवर आधारित उद्यान, चित्रपटातील पात्रांचे पुतळे असलेला रस्ता अशी स्थळे पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी तेथे जातात व त्यांच्यासाठी मार्गदर्शकांसह सहली आखल्या जातात.

प्रस्तुत लेखात जपानमधील अशा काही स्थळांचा परिचय करून देऊन त्यांची तुलना महाराष्ट्रातील सर्वांत जवळच्या उदाहरणाशी, म्हणजे सावंतवाडीच्या गंजीफाशी केली आहे. सोळाव्या शतकात पत्त्यांचा खेळ भारतात इराणी-मोगल परंपरेतून रुजला व जपानात पोर्तुगीज दर्यावर्दींकडून पोहोचला. आरंभ जवळजवळ समकालीन असूनही एकाची परिणती जागतिक उद्योगात व्हावी आणि दुसरा एका राजवाड्याच्या दरबार हॉलपुरता उरावा, असे का घडले, हा या लेखातील मुख्य प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील खेळांची परंपरा :

महाराष्ट्रातील खेळांचा सर्वांत भव्य पुरावा मराठवाड्यातच आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळ येथील लेणी क्र. १४, २१ व २९ मध्ये शिव-पार्वती सारीपाट खेळत असल्याची शिल्पे आहेत. दिवाळीतील बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे व त्या दिवशी पार्वतीने शिवाला द्यूतात जिंकल्याची कथा सांगितली जाते. कोजागरी पौर्णिमेच्या रात्रीही अक्षक्रीडेची प्रथा होती. म्हणजे खेळाला धर्मजीवनात मान्यता होती. त्याचबरोबर त्याविषयी भीतीही होती. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त हरिपाळदेव द्यूतात हरतात, पैज चुकती करण्यासाठी पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतात व तिच्या नकारातून त्यांना वैराग्य येते, असा प्रसंग आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या पूर्वायुष्याशी द्यूताची ही घटना जोडलेली असावी, हे सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

मोक्षपट हा याच परंपरेतील आणखी एक खेळ होय. पैठणजवळील आपेगावचे ज्ञानेश्वर यांच्याशी लोकपरंपरा या खेळाचा संबंध जोडते. सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप अशी त्याची रचना आहे. अशाच भारतीय पटांवरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सापशिडी तयार झाली व तीच पुढे छापील स्वरूपात भारतात परत आली. परत येताना तिच्यातील मोक्षाचा विचार गळून पडला होता. एखादा खेळ टिकतो तेव्हा त्याचा अर्थ टिकतोच असे नाही, ही बाब पुढील विवेचनातही महत्त्वाची ठरते.

गंजीफाचे स्वरूप व प्रसार :

भारतातील गंजीफाचा आरंभीचा प्रसिद्ध उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात येतो. इ. स. १५२७ मध्ये त्याने सिंधच्या शाह हसनकडे गंजीफाचा संच पाठविला होता. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजीफाचे वर्णन केले आहे. पुढे आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगल गंजीफा सर्वत्र रूढ झाला. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात व किमाश ही त्या आठ रंगांची नावे होत. राज्यकारभारातील खातीच जणू या पानांवर उतरली होती. मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकाला यातील ‘बरात’ हा शब्द परिचित वाटेल. खजिन्यातून रक्कम देण्याविषयीचा हुकूम या अर्थाने पेशवेकालीन कागदपत्रांत येणारा ‘वरात’ हा शब्द म्हणजे तोच होय.

हा दरबारी खेळ हिंदू समाजात रुजला तेव्हा त्याचे रूप पालटले. आठ रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले आणि १२० पानांचा दशावतारी गंजीफा तयार झाला. प्रत्येक अवताराची राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा अशी बारा पाने असतात. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशी चिन्हे मोजून पानाची किंमत ओळखली जाते. साधारणतः तीन खेळाडू प्रत्येकी चाळीस पाने घेऊन खेळतात. हुकुमाचा रंग नसतो. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने व रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने उतारी करावयाची असा नियम आहे. पाच अवतारांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी मानली जाते, तर उरलेल्या पाचांत क्रम उलटा होऊन एक्का मोठा ठरतो. पडलेली पाने लक्षात ठेवणे हे या खेळातील खरे कौशल्य होय. त्यामुळे गंजीफा हा स्मरणशक्तीची कसोटी पाहणारा व दशावतारांचे नाव सतत जिभेवर ठेवणारा खेळ होता.

पाने गोल असत. चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेल्या कापडाच्या किंवा कागदाच्या चकत्यांवर रंग व लाख चढवून ती हाताने रंगविली जात. श्रीमंतांसाठी हस्तिदंतासारख्या मौल्यवान साहित्यावर केलेल्या कामाला ‘दरबारी कलम’ व सामान्यांसाठीच्या स्वस्त संचांना ‘बाजारी कलम’ म्हणत. या दुसऱ्या नावावरून गंजीफा केवळ राजवाड्यापुरता मर्यादित नव्हता, हे स्पष्ट होते.

मराठवाड्याच्या दृष्टीने निर्मल या केंद्राचा उल्लेख आवश्यक आहे. नांदेड जिल्ह्याला लागून असलेले हे गाव चित्रे व लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असून तेथील नक्काश कारागीर गंजीफाही तयार करीत. १९५६ पर्यंत नांदेड व निर्मल हे एकाच हैदराबाद राज्याचे भाग होते. राज्यपुनर्रचनेने मराठवाडा व तेलंगण यांच्यात सीमारेषा आली आणि प्रादेशिक इतिहासलेखनही त्या रेषेशी थांबले. परिणामी नांदेडच्या अगदी शेजारी असलेले हे केंद्र मराठी अभ्यासकांच्या नजरेबाहेर राहिले.

सावंतवाडी : अस्त आणि पुनरुज्जीवन :

सावंतवाडी संस्थानात गंजीफा अठराव्या शतकात, तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात, तेलंगणातून आलेल्या विद्वानांनी आणला व स्थानिक चितारी समाजाने त्याची निर्मिती आत्मसात केली, अशी परंपरा सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकात मात्र बेल्जियममधील टर्नहाउटसारख्या केंद्रांतून आलेल्या छापील पत्त्यांनी बाजार व्यापला. बावन्न पानांचा कॅट स्वस्त होता, हातात सहज मावत होता आणि त्याचे खेळ शिकण्यास सोपे होते. हाताने रंगविलेली १२० पाने या स्पर्धेत टिकणे शक्य नव्हते. प्रथम खेळणारे कमी झाले आणि त्यानंतर रंगविणारे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीत ही कला जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर उरले होते. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी त्यांच्याकडून ही विद्या स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यात तरुण कारागिरांना प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. राजघराण्यातील व्यक्तींनी कारागिराला आश्रय देण्याची प्रथा जुनीच होती, परंतु त्यांनी कारागिराचे शिष्यत्व पत्करणे ही वेगळी घटना होती. याच सुमारास मुंबईत वास्तव्य असलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन भारतीय गंजीफाचा संग्रह व अभ्यास करीत होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९८२ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रकाशित केल्यामुळे या विषयाला अभ्यासविश्वात प्रतिष्ठा लाभली.

आज सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजीफा रंगविणारे कारागीर पर्यटकांना पाहता येतात व संच विकतही घेता येतो. कला वाचली, हे निर्विवाद. तथापि विकत घेतलेला संच बहुधा दिवाणखान्यात मांडला जातो, त्यावर डाव मांडला जात नाही. चित्र शिल्लक राहिले, खेळ मात्र दुरावला.

जपान : बंदीतून घडलेले पत्ते :

पोर्तुगीज दर्यावर्दी १५४३ मध्ये जपानला पोहोचले. त्यांच्या ‘कार्ता’ या शब्दावरून जपानी भाषेत ‘कारुता’ हा शब्द आला. क्यूशू बेटावरील मिइके येथे तेन्शो कालखंडात (१५७३–१५९२) पोर्तुगीज धर्तीचे ४८ पानांचे पत्ते तयार होऊ लागले. मिइके आज ओमुता शहराचा भाग असून तेथे १९९१ मध्ये पत्त्यांच्या इतिहासाचे संग्रहालय उघडण्यात आले. जपानी खेळसंस्कृतीची ऐतिहासिक सहल खऱ्या अर्थाने या ठिकाणाहून सुरू व्हावयास हवी.

तोकुगावा राजवटीने जुगाराला आळा घालण्यासाठी पत्त्यांवर वेळोवेळी बंदी घातली. एका प्रकारच्या पत्त्यांवर बंदी आली की कारागीर निराळ्या चित्रांचे पत्ते काढीत. या लपंडावातून अंक नसलेला हानाफुदा म्हणजे ‘फुलांचे पत्ते’ हा प्रकार पुढे आला. वर्षाचे बारा महिने व प्रत्येक महिन्याची चार पाने अशी त्याची ४८ पाने असतात. जानेवारीला पाइन, मार्चला चेरी, सप्टेंबरला शेवंती, ऑक्टोबरला मेपल अशी योजना असते. परकीय चिन्हांच्या जागी दशावतार आणणारा भारतीय कारागीर आणि त्याच चिन्हांच्या जागी ऋतूंची फुले आणणारा जपानी कारागीर यांची प्रेरणा भिन्न असली, तरी स्वीकारलेल्या वस्तूला स्वदेशी रूप देण्याची त्यांची प्रक्रिया एकच होती.

मेइजी काळात निर्बंध शिथिल झाल्यावर २३ सप्टेंबर १८८९ रोजी फुसाजिरो यामाउची यांनी क्योतो येथे हानाफुदा तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. हीच पुढील निन्टेन्डो कंपनी होय. या कंपनीने १९०२ मध्ये पाश्चात्य पद्धतीचे पत्ते, १९५३ मध्ये प्लॅस्टिकचे पत्ते व १९५९ मध्ये डिस्नेच्या पात्रांचे पत्ते बाजारात आणले. ज्या छापील पाश्चात्य पत्त्यांनी गंजीफाचा बाजार मोडला, तेच पत्ते क्योतोच्या या कारखान्याने स्वतः छापले. पुढे खेळणी, १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’, १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ व १९८५ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अशी वाटचाल झाली. या सर्व काळात हानाफुदाचे उत्पादन मात्र थांबले नाही.

या इतिहासाची स्थळे आज प्रवाशांसाठी खुली आहेत. क्योतोतील कंपनीच्या जुन्या मुख्यालयाचे २०२२ मध्ये हॉटेलात रूपांतर झाले. जवळच्या उजी शहरात, जेथे पूर्वी पत्ते तयार होत त्या जुन्या कारखान्याच्या वास्तूत २ ऑक्टोबर २०२४ रोजी निन्टेन्डो म्युझियम सुरू झाले. तेथे प्रेक्षकाला हानाफुदा स्वतः तयार करता येतात आणि खेळताही येतात. ओसाका येथील युनिव्हर्सल स्टुडिओत मार्च २०२१ मध्ये सुरू झालेले ‘सुपर निन्टेन्डो वर्ल्ड’ हे याच परंपरेचे मनोरंजन-उद्यानातील रूप होय.

लोकप्रिय संस्कृती आणि नवी तीर्थयात्रा :

जपानी चित्रकथा व सचेतपट (ॲनिमे) यांची स्थळे या सहलीचा दुसरा भाग आहेत. क्योतोचे आंतरराष्ट्रीय मांगा संग्रहालय २००६ मध्ये एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत, नगरपालिका व क्योतो सेइका विद्यापीठ यांच्या सहकार्याने सुरू झाले. तेथे सुमारे तीन लाख वस्तूंचा संग्रह आहे. महाविद्यालयीन क्षेत्रातील वाचकांनी हे उदाहरण विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. तोक्योजवळील मिताका येथे २००१ मध्ये घिबली संग्रहालय व कावासाकी येथे २०११ मध्ये ‘डोरेमॉन’चे निर्माते फुजिको एफ. फुजिओ यांचे संग्रहालय सुरू झाले. तोक्योतील अकिहाबारा हा भाग युद्धोत्तर काळात रेडिओच्या सुट्या भागांची बाजारपेठ होता. पुढे तेथे विद्युत उपकरणे, संगणक आणि अखेर गेम व ॲनिमेची दुकाने आली. बाजारपेठेचा माल बदलत गेला, पण हौशी तंत्रप्रेमींची वर्दळ कायम राहिली.

मोठ्या शहरांपेक्षाही साकाइमिनातो या मासेमारी बंदराचे उदाहरण मराठवाड्यातील शहरांना अधिक जवळचे आहे. तेथे बालपण गेलेल्या शिगेरु मिझुकी या चित्रकथाकाराच्या भुताखेतांच्या पात्रांचे कांस्यपुतळे १९९३ पासून रस्त्याच्या कडेने बसविण्यात आले. प्रारंभी २३ असलेल्या पुतळ्यांची संख्या आता १७० हून अधिक आहे. गावातील कलावंताने रंगविलेल्या लोककथा हेच त्या गावाचे पर्यटन-भांडवल ठरले.

एखाद्या कथेत आलेली प्रत्यक्ष स्थळे पाहण्यास जाण्याला जपानी रसिक ‘सेइचि जुनरेइ’, म्हणजे पवित्र स्थळांची यात्रा, असे म्हणतात. २०१६ मध्ये स्थापन झालेली ॲनिमे पर्यटन संघटना अशा ८८ स्थळांची निवड करते. ही संख्या शिकोकू बेटावरील ८८ बौद्ध मंदिरांच्या प्राचीन यात्रेवरून घेतली आहे. पंढरीची वारी व माळेगावची यात्रा ज्यांना परिचित आहे, त्यांना या कल्पनेचे नवल वाटणार नाही. श्रद्धेने घडविलेली पायवाट विरंगुळ्यानेही वापरात आणली, एवढाच येथे फरक आहे.

या संदर्भात दोन उदाहरणे अधिक बोलकी आहेत. पहिले ओत्सु येथील ओमी जिंगू मंदिराचे. शंभर प्राचीन कवितांवर आधारित कारुता स्पर्धांचे हे प्रमुख केंद्र आहे. या खेळावरील ‘चिहायाफुरु’ ही चित्रकथा २००७ ते २०२२ या काळात प्रसिद्ध झाली व तिच्यामुळे असंख्य तरुण या खेळाकडे वळले. येथे लोकप्रिय संस्कृतीने जुन्या खेळाला मारले नाही, उलट त्याला खेळाडू मिळवून दिले. दुसरे उदाहरण कुमामोतो प्रांतातील हितोयोशी या लहान शहराचे. पोर्तुगीज परंपरेतून आलेला ७५ पानांचा उन्सुन कारुता अन्यत्र लुप्त झाला, परंतु तेथील रहिवाशांनी तो खेळत ठेवला. गंजीफाप्रमाणेच त्यातही काही रंगांत पानांचा क्रम उलटा असतो. हितोयोशीला मोठी कंपनी लाभली नाही. तेथे खेळ टिकला तो केवळ खेळणाऱ्यांमुळे.

तुलनात्मक विवेचन :

वरील विवेचनावरून दोन्ही परंपरांच्या भिन्न वाटचालीची काही कारणे दिसून येतात. पहिले कारण उत्पादनतंत्राचे. जपानी कारागिरांनी लाकडी ठशांची छपाई व रंग भरण्यासाठी कातरलेले साचे वापरून एकसारखी पाने तयार केली. भारतीय गंजीफा मात्र शेवटपर्यंत कुंचल्यावरच अवलंबून राहिला. दुसरे कारण मागणीचे. हानाफुदाला जुगाराच्या अड्ड्यांवरून नव्या कॅटांसाठी सतत मागणी होती. ती नैतिकदृष्ट्या अभिमानास्पद नसली तरी तिच्यामुळे उद्योग तगला. गंजीफाचा संच मात्र घरात पिढ्यान्‌पिढ्या जपला जाई. तिसरे कारण राजकीय होय. जपान परकीय सत्तेची वसाहत झाला नव्हता, तर वसाहतकालीन भारतात युरोपीय मालाला बाजार खुला होता. संस्थानी आश्रय क्षीण झाल्यावर चितारी समाजाला पर्यायी भांडवल मिळाले नाही.

असे असले तरी सर्व दोष वसाहतवादावर टाकून चालणार नाही. स्वातंत्र्योत्तर काळातही खेळांच्या वस्तूंकडे अभ्यासविषय म्हणून फारसे पाहिले गेले नाही. पुण्यात दिनकर केळकर यांनी घरगुती वापराच्या वस्तू आयुष्यभर जमविल्या व १९७५ मध्ये तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. असे प्रयत्न अपवादात्मकच ठरले.

जपानशी महाराष्ट्राचे पर्यटनविषयक संबंध नवे नाहीत. जपानच्या अर्थसाहाय्याने अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्प १९९० च्या दशकापासून दोन टप्प्यांत राबविण्यात आला. २०१३ मध्ये महाराष्ट्र व वाकायामा प्रांत यांच्यात सामंजस्य करार झाला आणि २०१५ मध्ये तेथील कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. या संबंधांचा भर बौद्ध वारशावर आहे व तो योग्यच आहे. तथापि वेरूळला येणाऱ्या प्रवाशाला सारीपाटाच्या शिल्पासमोर उभे करून तो खेळ प्रत्यक्ष दाखविला, तर दगडातील प्रसंग त्याला अधिक कळेल.

निष्कर्ष :

१) गंजीफा व हानाफुदा या दोन्ही परंपरांनी बाहेरून आलेल्या खेळाला आपापल्या संस्कृतीचे रूप दिले. त्यांच्या भवितव्यातील फरक कलात्मक गुणवत्तेमुळे नव्हे, तर उत्पादनतंत्र, मागणी व राजकीय परिस्थिती यांमुळे पडला.

२) सावंतवाडीतील पुनरुज्जीवनाने चित्रकला वाचविली. खेळ वाचविण्याचे कार्य मात्र अपुरे आहे. वस्तूचे जतन संग्रहालय करू शकते, खेळाचे जतन केवळ खेळाडू करतात.

३) निन्टेन्डोसारखा उद्योग उभारणे कोणत्याही लहान गावाच्या आवाक्यातील नाही. हितोयोशी व साकाइमिनातो यांचा मार्ग मात्र अल्प खर्चाचा व अनुकरणीय आहे.

४) नांदेड व लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी सोंगट्या, वाघबकरी, कवड्या व सागरगोटे यांचे नियम, परिभाषा आणि डाव खेळताना म्हटली जाणारी वचने वृद्ध स्त्री-पुरुषांकडून नोंदवून घेणे तातडीचे आहे. मंदिरांच्या व किल्ल्यांच्या फरशीवर कोरलेले पट आढळल्यास त्यांचीही मापांसह नोंद व्हावी. निर्मलच्या परंपरेचा अभ्यास राज्याची सीमा ओलांडून करणे आवश्यक आहे.

सावंतवाडीत एक वृद्ध कारागीर व त्याच्याकडून शिकण्याची तयारी असलेल्या दोन व्यक्ती एकाच वेळी उपलब्ध होत्या, म्हणून एक परंपरा वाचली. मराठवाड्यात सारीपाटाचे दान हाक मारून मागणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. तिच्याजवळचे ज्ञान कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही. ते नोंदविण्यासाठी हाती असलेला अवधी अल्प आहे, याची जाणीव संशोधकांनी ठेवणे गरजेचे आहे.